केतकी आणि प्रेमसिंगभाऊंच्या कढया

माझ्या केतकीने कॉलेजात कॉम्प्युटरवर एक गेम बनवला होता. त्यातली शेळी कुंपणावरून उडी मारायची, चुकली की विहिरीत पडायची. शेळीचे पाय कुंपणात रुतू नयेत म्हणून पोरगी पंधरा दिवस धड जेवली नव्हती. त्यामुळे २००६ च्या लग्नसराईत, वसमतला भांडी भाड्याने देणाऱ्या प्रेमसिंगभाऊंनी दुकानासाठी प्रोग्रॅम मागितला तेव्हा ती हसली. म्हणाली, गेममध्ये सेकंदाला तीसदा सगळं नव्याने मोजावं लागतं. इथे काय, कढई गेली, कढई आली.

मला धास्ती होती. तिचं पहिलंच काम, आणि भाऊंनी बजावलं होतं की एक जरी लग्न अडलं तरी नोंदींची जुनी वही पुन्हा सुरू.

आठवड्यातच अडलं. कुरुंद्याचे कोंडीबा पुतणीच्या उद्याच्या लग्नासाठी कढया मागायला आले. प्रोग्रॅम म्हणाला, एकही शिल्लक नाही. सगळ्या उद्या जवळा बाजारच्या लग्नाला, परवा परत येतील.

कोंडीबांना हसू आवरेना. "पोरी, त्यांचं लग्न दुपारचं, आमचं रातचं. तिथली पंगत उठली की आमीच कढया घासून घेऊन जातो. दुकानात काहून येतील त्या?"

आमच्याकडे हे असंच चालतं. वहीत कधी लिहिलं नव्हतं, कारण सगळ्यांना ठाऊक होतं. भाऊंनी वहीकडे हात नेला. केतकीने पुढच्या लग्नतिथीपर्यंत मुदत मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी ती कोंडीबांच्या टेम्पोत बसून जवळ्याला गेली, तिथून कढयांसोबत कुरुंद्याला. दोन्ही पंगती जेवून, बुंदीची पुडी घेऊन घरी आली.

"आई, गेमचे नियम मी ठरवले होते. इथले माणसांनी ठरवलेत, आणि विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. हे जास्त अवघड आहे."

"मग सोडून देतेस?"

"छे. मजा तर आता येऊन राहिली."

पुढच्या तिथीला पाच लग्नं होती. मी उगाच भाजीची पिशवी घेऊन दुकानाच्या पायरीशी घुटमळत होते. कोणती कढई कोणत्या मांडवातून कुठे जाणार, सगळं केतकीने सुधारलेल्या प्रोग्रॅमच्या पडद्यावर होतं. दोन लग्नांची वेळ एकच येते, तिथे कढया कमी पडतील, हेही त्याने आधीच सांगितलं. भाऊंनी बोटांवर दोनदा पडताळून पाहिलं. मग साखरा गावचं एक गिऱ्हाईक आलं, त्याच्याकडे न बघताच भाऊ म्हणाले, "मला नका विचारू. केतकीताईंना विचारा."