पडताळा सर

लातूरच्या गणिताचा पाया घालणारे गुरुवर्य गेले, असं चौकातल्या फलकावर लिहिलं होतं. सर तो पाया घालत होते तेव्हा आम्ही पत्र्याच्या शेडात बसत होतो. भूकंपात शाळेला भेगा पडल्या होत्या आणि एका साहेबाने जीपमधून न उतरताच इमारत ठणठणीत असल्याचा कागद दिला होता. सरांनी भेगेत खडू सारला. अख्खा आत गेला. "पोरंहो, बाहेर चला. सायबाचं उत्तर आलंय, पडताळा न्हाई." तेव्हापासून ते पडताळा सर.

त्यांना राग फार यायचा आणि तो बहुधा योग्य माणसालाच मिळायचा. वर्गसमीकरणाची मुळं काढून आम्ही ऐटीत वही पुढे केली की ती तशीच परत यायची. "मुळांची बेरीज कर. गुणाकार कर. सहगुणकांशी जुळतंय का बघ. मग नाच." सूत्र ते कधी आयतं देत नसत. दोन कंस मांडून गुणायला लावत. बेरजेपुढचं उणे चिन्ह आमच्याच हातून उगवायचं.

निवृत्त झाल्यावर ते एका क्लासला लागले. पेन्शन अडकली होती, दुसरा इलाज नव्हता. मी तिथे भौतिकशास्त्र शिकवत होतो. क्लासच्या गुळगुळीत नोट्समध्ये मुळांच्या बेरजेचं सूत्र छापलं होतं, पण उणे चिन्ह गाळून. सर नोट्स घेऊन संचालकांच्या केबिनमध्ये घुसले.

"मुळं दोन आन् तीन. तुमच्या सूत्रानं बेरीज उणे पाच येतीय. बाजारात असा हिशेब केलाव तर मार खाल!"

"सर, छापून झालंय. पोरं पाठ करतेत, कोण बघतंय?"

"मी बघायलोय न्हवं!"

संचालक माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगा सर, एवढं बिघडतंय का?"

मी नोट्स चाळत राहिलो. चूक मला दिसत होती. त्याहून स्पष्ट माझी नोकरी दिसत होती.

माझ्या वाट्याचा राग सरांनी आयुष्यात पहिल्यांदा वाया जाऊ दिला. वर्गात जाऊन त्यांनी प्रत्येक पोराच्या नोट्सवर लाल पेनाने उणे चिन्ह काढलं, आणि संध्याकाळी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. त्या संध्याकाळच्या रागाची धग अजून माझ्या अंगात आहे. संचालकांवर चौथा हिस्सा, उरलेली माझ्यावर.

श्रद्धांजलीचा तो फलक त्याच क्लासने लावला होता. सरांच्या फोटोखाली त्यांचं आवडतं सूत्र होतं. उणे चिन्हाशिवाय.

या वेळी मी नोट्स चाळल्या नाहीत. शिडी आणली, काळा रंग आणला आणि भर बाजारात वर चढून हातभर लांब उणे चिन्ह ओढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लासने फलक उतरवला. तिथे निकालाचा लावायचा होता.