आज सगळ्यांना वात

"सगळ्यांना वात कसा असेल, मॅडम?"

"का नसेल? हल्ली असतोच सगळ्यांना."

"सकाळपासून मी एकाचीही नाडी पाहिलेली नाही."

"मग पाहा की. तीन बोटं ठेव, डोळे मिट, मान हलव आणि सांग, वात. डोळे मिटायला विसरू नकोस, लोकांना तेच आवडतं."

"आणि एखादा पित्ताचा निघाला तर?"

"पित्ताचं तेल संपलंय. कफाचं आपण कधी मागवलंच नव्हतं. वाताचे डबे मात्र दुप्पट आलेत आणि पुढच्या महिन्यात त्यांची मुदत संपतेय. आता तूच सांग, कुणाला काय असायला हवं?"

हा वैद्यकीय सल्लामसलतीचा कार्यक्रम आरोग्यकेंद्राच्या मागच्या कोठीत, तेलाच्या डब्यांच्या आडोशाला चालला होता. मालकीणबाई कोठीत डॉक्टरला 'तू' म्हणायच्या आणि गिऱ्हाइकांसमोर 'तुम्ही'. आधी या जागेत त्यांचं ब्यूटी पार्लर होतं. एके दिवशी त्यांनी फिरत्या खुर्च्या विकल्या, लाकडी टेबलं आणली, भिंतींना मातीचा रंग दिला, आणि आठवड्याभरात हजारो वर्षांची परंपरा सुरू झाली. नळाला पाणी नसलं तरी स्पीकरमधून झरा खळखळत असे. परंपरेत एक डॉक्टर तेवढी कमी होती, ती जाहिरात देऊन मिळाली.

ही डॉक्टरीण साडेचार वर्षं शिकून, वर एक वर्ष इंटर्नशिप करून आली होती. बारावीनंतर 'त्या' मेडिकलला तिचे मार्क जरासे कमी पडले, तेव्हा घरात सुतक असल्यासारखी शांतता पसरली होती. ती आत्याने मोडली. "आयुर्वेदाला घाला. डॉक्टर म्हणजे डॉक्टर. नावाआधी काय लागतं ते लोक बघतात, नावामागचं कोण वाचत बसतंय?" चुलतभावाने त्याच संध्याकाळी तिचं नाव 'काढा' ठेवलं आणि ते चिकटलं. वडील शिंपी. त्यांनी मात्र कुणाशी काही न बोलता पांढरं कापड आणलं, तिच्या खांद्याचं माप घेतलं आणि ॲप्रन शिवायला बसले.

कॉलेजात तिने सकाळी श्लोक घोकले आणि दुपारी प्रेत फाडलं. एका प्राध्यापकाने शरीरात तीन दोष आहेत असं शिकवलं, दुसऱ्याने दोनशे सहा हाडं. दोघांनीही परीक्षा घेतली. घरी मात्र परीक्षा रोजच असे. नातेवाईक 'कशी आहेस' विचारायच्या आत मनगट पुढे करत. तिने काही सांगितलं की मान डोलवत, आणि जाता जाता विचारत, "बरं, पण खरा डॉक्टर कुणी आहे का तुझ्या ओळखीत?"

पदवी मिळाली आणि करिअरच्या वाटाच वाटा खुल्या झाल्या. वर्गातल्या पहिल्या नंबरच्या मैत्रिणीला मोठ्या हॉस्पिटलात नोकरी लागली. तिथे ती सलाईन लावते आणि मोठ्या डॉक्टरांच्या वाटच्या शिव्या खाते. एकाने स्वतःचा दवाखाना टाकला. पेशंट दारातूनच विचारतात, "सुई देता का?" आणि नाही म्हटलं की दारातूनच परत जातात. मागच्या बाकावरचा, जो कधी कशातच पास होत नव्हता, तो फोनवरून वजन कमी करायचं चूर्ण विकतो. त्याने गाडी घेतली. आपल्या 'काढ्या'नेही हॉस्पिटलात काही महिने काढले, मग ती या केंद्रात आली. इथे शिव्या नव्हत्या, वेळेवर पगार होता, आणि दारावर तिच्या नावाची पितळी पाटी होती. वडील ती पाटी बघायला दोनदा येऊन गेले होते, आत न येता. फक्त त्यांनी शिवलेला ॲप्रन इथे चालत नव्हता. "हॉस्पिटलची आठवण येते ग लोकांना," म्हणत मालकीणबाईंनी तिला मातकट झगा दिला आणि स्टेथोस्कोप खणात ठेवायला लावला.

तर त्या दिवशी दुपारपर्यंत आलेल्या तिघांनाही वात निघाला. चौथे आले एक ठेकेदार. साठीचे, अंगाने भरलेले. मुलीने भेट म्हणून मालिश आणि वाफेची पेटी असं दोन्ही बुक केलं होतं. शर्ट खुंटीला लावून, खांद्यावर टॉवेल घेऊन ते टेबलावर बसले ते कामगारांवर नजर ठेवल्यासारखे.

"बोला, डॉक्टर. बाहेरच्या बाई म्हणाल्या, मला वात असणार."

"नाडी न बघताच?"

"चेहऱ्यावरून ओळखलं म्हणे."

तिने तीन बोटं ठेवली, सवयीने डोळे मिटले, आणि मान हलवायची राहून गेली. पुस्तकात वाताची नाडी सापासारखी चालते, पित्ताची बेडकासारखी, कफाची हंसासारखी. इथे तिघांना एका पोत्यात कोंबल्यासारखं वाटत होतं. ठोका येई, दोन घाईत येत, एक येतच नसे. तालाचा पत्ता नव्हता.

"जिना चढताना दम लागतो?"

"या वयात कुणाला लागत नाही?"

"छातीत धडधड?"

"चार-पाच दिवस जरा जास्तच आहे. उन्हाने असेल."

तिने खण उघडून स्टेथोस्कोप काढला, छातीला लावला, दुसऱ्या हाताची बोटं मनगटावरच ठेवली. छातीत जेवढे ठोके पडत होते, तेवढे मनगटापर्यंत पोचतच नव्हते. शेजारी वाफेची पेटी तापून फुसफुसत होती.

"काका, आज तुम्हाला मालिश नाही आणि वाफ तर मुळीच नाही. आत्ता हॉस्पिटलात जाऊन ईसीजी काढायचा."

ठेकेदार हसले. "नाडीवरून हृदयाचं कळतं होय? त्याला मशीन लागतं."

"म्हणूनच मशीनकडे पाठवतेय."

"अहो, तुम्ही वात-पित्त सांगा."

"ते नाडीवरून कळतं, हे मान्य आहे?"

"ते तुमचं शास्त्रच आहे."

"आणि हे?"

"हे डॉक्टरचं काम."

आवाज ऐकून मालकीणबाई आत आल्या. काय झालंय ते कळल्यावर आधी त्यांनी दार लावलं. "साहेब, तुम्ही मुळीच घाबरू नका. ती आयुर्वेदाची आहे, हृदयाचं तिला काय कळणार?"

गेले आठ महिने मनगटावरून माणसाचं पोट, झोप, राग आणि सासूशी पटतं की नाही हेसुद्धा सांगणारी तज्ज्ञ एका वाक्यात निकालात निघाली.

"मॅडम, यांना पेटीत बसवलं आणि काही झालं तर?"

"इतकी माणसं बसली, कुणाला काही झालं? साहेब, या. छान घाम येईल, छाती मोकळी होईल." ठेकेदार उठायला लागले.

डॉक्टरीण पुढे झाली आणि पेटीची पिन भिंतीतून उपटून हातात धरून उभी राहिली. फुसफुस हळूहळू थांबली. स्पीकरमधला झरा तेवढा बेफिकीर वाहत राहिला.

"ती पिन लाव," मालकीणबाई म्हणाल्या. गिऱ्हाइकासमोर 'तू'. "नाहीतर बाहेरची पाटी आत्ता उतरवते."

पाटी पितळेची होती आणि वडील पुन्हा बघायला येणार होते. तिला ते आठवलं. पिन तिने हातातून सोडली नाही.

ठेकेदारांनी आधी एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे. आयुष्यभर त्यांनी भिंत पडणार आहे म्हणणारे आणि काही होत नाही म्हणणारे, दोन्ही प्रकार पाहिले असणार.

"पोरी, एक सांग. तुझ्या बापाची नाडी अशी लागली असती तर?"

"एव्हाना त्यांच्या अंगात शर्ट असता, आणि आम्ही गाडीत."

ठेकेदार भिंतीला धरून उठले आणि खुंटीवरचा शर्ट घेऊन अंगात चढवला. वरची दोन बटणं तिने लावली.

"हे बघ," मालकीणबाई आता दबक्या आवाजात बोलत होत्या, "पंधरा मिनिटांत पुढच्या बाई येतायत. त्यांची नाडी कोण बघणार? डॉक्टर, मी तुमच्याशी बोलतेय."

डॉक्टरणीने पिन टेबलावर ठेवली, स्टेथोस्कोप गळ्यात अडकवला, ठेकेदारांचा दंड धरला आणि त्या मातकट झग्यातच त्यांना घेऊन दारातून बाहेर पडली.