कोब्याखालची ओल

माझा नवरा गणपतीच्या आठ दिवस आधी जहाजावरून घरी आला तो महिन्याभराच्या सुट्टीवर. सुट्टी संपली, पण पुढच्या जहाजाची तार काही आली नाही. तो बोसन होता, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. ऐंशीच्या दशकातली ती मधली वर्षं. मालवाहू जहाजांना तेव्हा माल मिळत नव्हता, कितीतरी जहाजं कुठल्या कुठल्या खाड्यांत नुसती नांगरून ठेवली होती. हे आम्हाला हळूहळू कळत गेलं. आधी वाटलं, तार उशिरा येईल. मग वाटलं, पोस्टात हरवली असेल. मग तो दर सोमवारी तार ऑफिसात जाऊन मुंबईला कंपनीत ट्रंककॉल लावू लागला. दोन-दोन तास बाकावर बसून नंबर लागायचा आणि पलीकडून एकच वाक्य यायचं, "सध्या काही नाही, कळवू."

आता लिहिताना मी त्याला 'तो' म्हणते आहे. तेव्हा तोंडावर 'अहो'च म्हणायचे.

घरात माणसं तीन. तो, मी आणि सासूबाई. सासरे दोन वर्षांपूर्वी गेले होते. त्यांची एक जीप होती, आंब्याच्या पेट्या वाहायची. तिच्यासाठी त्यांनी घराला लागून चिऱ्याचं गॅरेज बांधलं होतं. ते गेल्यावर जीप विकली आणि गॅरेजात झावळ्या, सरपण, जुने टायर असं सगळं साठत गेलं. मला ते गॅरेज हवं होतं. माहेरी असताना मी शिवणकामाचा डिप्लोमा केला होता, मशीनही माझं स्वतःचं होतं. दिवाळीनंतर शिवणक्लास काढायचा मी ठरवलं होतं आणि आळीतल्या चार बायकांनी नावंही दिली होती. अडचण एकच, खालचा सिमेंटचा कोबा. काळ्या तेलाचे परातीएवढे डाग, भेगा, आणि पाय ठेवला की उडणारी सिमेंटची भुकटी. अशा जमिनीवर कोण पांढरं कापड पसरणार?

मी एवढंच म्हटलं होतं, "कोब्याला जरा रंग लावून मिळाला तर बरं होईल."

तो चहाचा कप खाली ठेवून उठलाच. घरात बसून त्याला इतकं जड झालं होतं की मी विहीर खणा म्हटलं असतं तरी उठला असता. दिवसभर तो पडवीतून मागच्या दारी आणि मागच्या दारातून पडवीत चालायचा. बारा पावलं जायला, बारा यायला. सासूबाई तांदूळ निवडता निवडता म्हणायच्या, "अरे, जमीन खचेल रे बाबा, बस जरा." तो बसायचा, आणि त्यांनी सूप झटकेपर्यंत पुन्हा उभा असायचा.

गॅरेज त्याने एका दिवसात रिकामं केलं. मग वखारीतून लाकडाचा भुसा आणून तेलाच्या डागांवर पसरला, पायाने रगडला आणि रात्रभर ठेवला. सकाळी भुसा काळा झाला होता. त्यानंतर धुण्याचा सोडा, उकळतं पाणी आणि तारेचा ब्रश. तो उकिडवा बसून घासायचा, मी बंबातून पाणी काढून नेऊन द्यायचे. एक बादली ठेवून वळते तोच दुसरीची हाक. जहाजावरून आणलेली एक चपट्या तोंडाची हातोडी होती त्याच्याकडे, गंज ठोकून काढायची. तिने त्याने कोब्याचे फुगलेले, पोकळ वाजणारे तुकडे उडवले आणि भेगांत घट्ट कालवलेलं सिमेंट दाबलं. चार घरं सोडून लोक विचारायचे, तुमच्याकडे काय ठोकतायत सारखं?

शेवटी अ‍ॅसिड. संडास धुवायचं अ‍ॅसिड बाजारात मिळतं, तेच. "रंगाला धरायला जागा लागते. गुळगुळीत कोब्यावर रंग टिकत नाही," तो म्हणाला आणि मला ओसरीपर्यंत मागे सरायला लावलं. "आधी पाणी, मग त्यात अ‍ॅसिड. उलटं कधी करायचं नाही, लक्षात ठेव." कोबा फसफसला, पांढरा धूर उठला, माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. तो तोंडाला पंचा बांधून त्या धुरात उभा होता आणि मला वाटलं, घरी आल्यापासून पहिल्यांदाच ह्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसतंय.

सगळं धुऊन काढल्यावर त्याने दोन दिवस वाळू दिलं. मी म्हटलं, "अजून चार दिवस थांबूया का? पाऊस आत्ताच कुठे गेलाय."

"डेक आम्ही दुपारी धुतो नि संध्याकाळी रंगवतो," तो म्हणाला.

मिरकरवाड्याच्या बंदरावर होड्यांच्या सामानाचं एक दुकान होतं, तिथून त्याने बोटींना लावायचा राखाडी रंग आणला. दोन हात दिले. माझा जीव हरखून गेला. आतल्या कोपऱ्यापासून दारापर्यंत एकसारखी, गुळगुळीत, ढगाच्या रंगाची जमीन. सासूबाईसुद्धा दारात उभ्या राहून म्हणाल्या, "ह्यावर जेवायला वाढलंस तरी चालेल गो."

नवव्या दिवशी मी मशीन हलवायला म्हणून गॅरेज उघडलं तर मागच्या भिंतीलगत रंगाला फोड आले होते. छोटे, भाजल्यावर हाताला येतात तसे. दुपारपर्यंत ते मधोमध पोचले. त्याने एक फोड नखाने फोडला आणि आतून पाण्याचा थेंब आला.

त्याने सायकल काढली आणि थेट मिरकरवाड्याला गेला. त्या दुकानदाराला भर बाजारात 'भेसळ विकतोस' म्हणाला, अशी बातमी तो परत यायच्या आधीच आमच्या आळीत पोचली होती. आल्यावर जेवला नाही. पडवीत बारा पावलं जायला, बारा यायला.

मला ते चालणं ऐकवेना. मीही आतून शांत नव्हतेच. चार बायकांना शब्द दिला होता. तो घरी आहे ह्याचं सुख वाटायचं आणि तो असा घरी आहे ह्याचा त्रास व्हायचा, आणि हे दोन्ही कुणाला सांगायची सोय नव्हती. मी भांडी घासता घासता त्या पाण्याच्या थेंबाचा विचार करत राहिले. वरून पाणी पडलं नव्हतं, कौलं गळत नव्हती. मग थेंब आला कुठून? माहेरी आई सारवलेल्या जमिनीवर प्लॅस्टिक पसरून पापड वाळत घालायची आणि उचललं की खालची बाजू घामेजलेली असायची, ते मला आठवलं.

मी खताची एक प्लॅस्टिकची पिशवी उभी चिरली, धुऊन पुसून कोरडी केली. जिथे रंग सुटून कोबा उघडा पडला होता तिथे ती पसरली, कडांवर चिऱ्याचे तुकडे दाबून ठेवले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला बोलावलं.

"हे उचला जरा."

त्याने पिशवी उचलली. खालची बाजू ओलीचिंब होती. त्याने ती उलटून पाहिली, खालच्या कोब्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, "डेकच्या खाली जमीन नसते."

मी म्हटलं, "इथे आहे."

मग आम्ही दोघं गॅरेजच्या मागे गेलो. न्हाणीघराचं सगळं पाणी भिंतीलगतच्या आळ्यात जात होतं आणि त्या आळ्यात सासूबाईंच्या सात केळी उभ्या होत्या. गॅरेज बांधल्यापासून असंच असेल, कुणी लक्ष दिलं नव्हतं. रोज दहा-बारा बादल्या पाणी भिंतीखालून कोब्यात शिरत होतं. त्याने सासूबाईंना भीतभीत सांगितलं की पाणी पलीकडे वळवावं लागेल आणि केळी काढाव्या लागतील. सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने लावलेल्या केळी होत्या त्या. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. एका केळीच्या खोडावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "काढ. पण ह्या कामात तुझं चित्त लागू दे रे बाबा." बुंध्याशी फुटलेले मुनवे काढून त्यांनी स्वतःच पलीकडच्या कुंपणाशी लावले.

त्याने चर खणला, पाणी नारळांकडे वळवलं. पण कोब्यात मुरलेलं पाणी काही चर खणून निघत नाही. ते आपलं आपण वाळायला हवं. किती दिवस? त्याला ठाऊक नव्हतं, मलाही नाही. दिवाळी आली आणि गेली. मी क्लास पडवीत सुरू केला. चार बायकांतल्या दोघीच आल्या, कारण पडवीत तो चालत असायचा आणि त्यांना संकोच वाटायचा.

तोवर जुना रंग खरवडणं एवढंच काम होतं. फोड आले तिथला रंग सहज सुटायचा आणि बाकीचा जीव खाऊन धरून बसला होता. दुपारच्या वेळी आम्ही दोघं पत्र्याच्या पट्ट्या घेऊन समोरासमोर बसायचो. एकदा मी विचारलं, "जहाजावर रिकामं बसावं लागतं का हो कधी?"

तो खरवडतच बोलू लागला. शेवटच्या फेरीत त्यांचंच जहाज तीन महिने एका खाडीत नांगरून ठेवलं होतं. दहा-बारा माणसं, माल नाही, हुकूम नाही. कप्तानाने त्याला सांगितलं, माणसांना कामात ठेव. म्हणून त्याने एकच डेक चार वेळा खरवडून चार वेळा रंगवून घेतलं. "चौथ्या वेळी सगळ्यांना माहीत होतं की ह्याला काही अर्थ नाही. मलाही. पण हातोड्यांचा आवाज थांबला की माणसं एकमेकांकडे बघायला लागायची." त्यांचा भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, चाळिशीचा, घरी बायको-मुलं असलेला माणूस, एक दिवस सकाळी बॅग भरून जहाजाच्या शिडीपाशी येऊन बसला. बोट येणार आहे मला न्यायला, म्हणाला. दुपारी समजूत घालून आत नेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. महिनाभर तो रोज बॅग घेऊन येऊन बसायचा. शेवटी त्याला डॉक्टरबरोबर घरी पाठवावं लागलं.

"मीच त्याला म्हणायचो, तू रडतोस काय, हातात ब्रश घे," तो म्हणाला. "अजून आठवलं की झोप जाते."

मी पट्टी खाली ठेवली. बोलावं की नाही कळत नव्हतं, पण बोलले. "तुमची बॅग खाटेखाली भरून ठेवलेली आहे. तीन महिने झाले. झाडू मारताना रोज मी ती सरकवते."

त्याने वर पाहिलं. त्याला वाटलं होतं मला माहीत नाही. मग मान खाली घालून पुन्हा खरवडू लागला. त्या संध्याकाळी मी दिवा लावून आत आले तर खाटेवर बॅग उघडी होती आणि तो शर्ट एकेक करून कपाटात ठेवत होता. माझ्या साड्यांच्या शेजारी कुठला खण त्याचा, ते त्याला विचारावं लागलं.

त्यानंतर तो शांत झाला असं मी म्हणणार नाही. चालणं चालूच होतं. पण दर रविवारी आम्ही पिशवी पसरायचो आणि सोमवारी उचलायचो. घामेजलेली. मग नुसती दमट. मग कडेला चार थेंब. पौष संपता संपता एका सोमवारी ती दोन्ही बाजूंनी कोरडी निघाली. त्या सोमवारी तो ट्रंककॉल लावायला गेला नाही. मिरकरवाड्याला गेला.

दुकानदाराची त्याने माफी मागितली. परत आल्यावर मला सांगितलं, "सरळ जाऊन म्हटलं, चूक माझी होती, ओल होती खाली. तो म्हणाला, तुम्ही त्या दिवशी एवढे बोललात, मीच घरी जाऊन डबा उघडून पाहिला." दोघांनी चहा घेतला. बोलता बोलता दुकानदाराने सांगितलं की किनाऱ्यावर ओढलेल्या मच्छीमार बोटींना रंग लावणारी जाणती माणसं मिळत नाहीत. दुसऱ्या आठवड्यापासून हा सकाळी सायकलवरून धक्क्यावर जाऊ लागला.

कोबा आम्ही दोघांनी मिळून रंगवला. ह्या खेपेला पहिला हात पातळ करून दिला, तो चार दिवस वाळू दिला, मग दुसरा. आतला कोपरा मी केला. माझा ब्रश जिथे ओघळ सोडायचा तिथे तो मागून येऊन सारखं करायचा, आणि मला त्याचा राग यायचा नि बरंही वाटायचं. पावसाळ्यात मागच्या भिंतीशी हातभर पट्टा पुन्हा फुगला. तेवढा खरवडून तसाच ठेवला, त्यावर कपाट ढकललं. बाकी सगळा टिकला. क्लासला सहा बायका झाल्या, मग नऊ.

तार आली ती पुढच्या वर्षी चैत्रात. मी मशीनवर होते. तो धक्क्यावरून नुकताच आला होता, हातांना लाल रंग. त्याने तार वाचली, माझ्याकडे दिली आणि विचारलं, "काय करू?"

लग्नाला सहा वर्षं झाली होती, असं त्याने कधी विचारलं नव्हतं. जहाज आलं की जायचं, ह्यात विचारण्यासारखं काही नसतंच. नऊ बायका हातातलं काम थांबवून कापडाकडे बघत बसल्या होत्या. मला म्हणावंसं वाटत होतं, नका जाऊ. आणि त्याच वेळी मला दिसत होतं की तार हातात आल्यापासून त्याचा पाय जागच्या जागी हलतोय.

"किती महिन्यांचं आहे?" मी विचारलं.

"नऊ."

"जा," मी म्हटलं. "पण आल्यावर घरी बसायचं नाही. धक्क्यावर सांगून जा, परत येणार आहे म्हणून."

तो खरंच धक्क्यावर सांगायला गेला. चार दिवसांनी दुपारच्या एस.टी.ने मुंबईला निघाला. सासूबाईंनी दारात हातावर दही दिलं. मी स्टँडपर्यंत गेले नाही, क्लासची वेळ होती. त्या दुपारी मी एका बाईच्या ब्लाउजची बाही उलटी कापली. कापून झाल्यावर लक्षात आलं. तिला तसंच सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन त्याच रंगाचं कापड शोधून आणलं.