काठ्यांचे पाय

कंबर दुखायला लागून सहा वर्षं झाली. औषधं, पट्टे, शेक सगळं करून झालं. शेवटी डॉक्टर म्हणाले, "पडून राहू नका, चालत राहा," आणि दोन्ही हातांत धरून चालायच्या काठ्या घ्यायला लावल्या. विद्यानगरच्या आमच्या गल्लीत शेजारी हसून इथल्या दखनी हिंदीत विचारायचे, "क्या साब, बर्फ के पहाड कू निकले?" मीही हसायचो. चालणं जमू लागलं होतं. देवळात जायला मात्र मन धजत नव्हतं, आणि त्याला कारण कंबर नव्हती.

आप्पांना, माझ्या वडिलांना, शेवटच्या वर्षी काठी लागायची. एका गुरुवारी दत्ताच्या देवळात मी त्यांना दारातच अडवलं. "आप्पा, काठी बाहेर ठेवा. रस्त्याची घाण आत नको." त्यांनी ती चपलांपाशी ठेवली, दोन पावलं टाकली आणि पायरीवरच बसले. "तू जाऊन ये. मी इथूनच हात जोडतो." त्यानंतर ते देवळात आलेच नाहीत. मी मात्र सोवळं पाळल्याच्या समाधानात होतो.

गेल्या मार्गशीर्षात एका गुरुवारी धीर करून गेलो. काठ्या चपलांपाशी ठेवल्या. आप्पांना लावलेला नियम मला कसा सुटेल? अकरा प्रदक्षिणांचा संकल्प केला. तिसरीलाच कमरेतून कळ आली आणि गाभाऱ्यामागची भिंत धरून उभा राहिलो. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. "महाराज, माझं हे असंच व्हायला हवं होतं," एवढंच मनात आलं.

तेवढ्यात चपला सांभाळणाऱ्या बाई समोर आल्या. हातांत माझ्या काठ्या, टोकांवरून पाणी ठिबकत होतं.

"अहो, काठ्या आत कशा?" मी दचकलो.

"पावां धो के अंदर आते ना साब? इनके बी धो दी मैं. चलो अब, पीछे लोगां रुके."

त्यांच्या जागेवरून ती भिंत दिसत नाही. त्यांना कसं कळलं, मी विचारलं नाही. पाय धुवायचा नळ दारातच होता. आप्पांच्या वेळीही तो तिथेच होता.

उरलेल्या प्रदक्षिणा काठ्या टेकत, डोळे पुसत पूर्ण केल्या. घरी येऊन दाराआडची आप्पांची काठी काढली, तिचं टोक चोळून धुतलं आणि देवघरापाशी उभी केली.

आता मी बाहेर काही ठेवून जात नाही. दुखरी कंबर, काठ्या, माझ्या हातून झालेलं ते पाप, सगळं घेऊनच महाराजांपुढे उभा राहतो. त्यांनी मला आत घेतलं, एवढं मला पुरे आहे.