दोन्ही बाह्या डाव्या

शिरूरच्या दवाखान्यात माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू एका शिकाऊ डॉक्टरीणबाईनं काढला. डोळा बधिर होता, कान शाबूत. शेजारी उभ्या मोठ्या मॅडम तिला सांगत होत्या, "घाई नको. हत्यार उगाच आत-बाहेर करू नकोस, वेळ आपोआप वाचेल." वेळ बराच लागला, पण पट्टी निघाली तेव्हा मला भिंतीवरची पाल शेपटासकट दिसली.

डाव्या डोळ्याची पाळी आली तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, आता मोठ्या मॅडमनाच करायला सांगू."

मला माझा पहिला ब्लाउज आठवला. दौंडच्या रेल्वे कॉलनीत नवी नवरी होते. अख्खा दिवस शिवत बसले, त्यातला निम्मा मांडीखालची कात्री घरभर शोधण्यात गेला. एवढं करून दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या झाल्या. सासूबाई म्हणाल्या, "आता दोन डाव्या हातांची बाई कुठनं आणायची गं?" पण दुसरं कापड त्यांनी माझ्याच हाती दिलं.

"तीच करंल," मी मुलाला सांगितलं.

टेबलावर पडल्या पडल्या मी त्या पोरीला बाह्यांची गोष्ट सांगितली आणि बजावलं, "हा डावा हाय बरं का." मास्कआड ती हसली. मोठ्या मॅडम यावेळी गप्पच होत्या. अजून सुरुवात व्हायचीय असंच मी धरून चालले होते, तेवढ्यात पोरगी म्हणाली,

"झालं आजी. भिंग बसलं, डाव्याचं डाव्यात."