गवळ्याच्या घरी डब्याचं दूध

"ही गोरी नाही, पांढरी आहे," मी म्हणाले.

क्लिनिकमध्ये माझ्या टेबलापलीकडे तिघं होती. पोपटराव, त्यांची सून सुनीता आणि सुनीताच्या मांडीवर सात महिन्यांची ईश्वरी. मूल गुटगुटीत. मांड्यांना वळ्या, गाल भरलेले. आल्या आल्या सुनीतानं कौतुकानं सांगितलं होतं, की अख्खं वारजे हिच्या रंगावर फिदा आहे. गवळ्याची नात शोभते, दुधासारखी झाली आहे, असं येणारी-जाणारी प्रत्येक बाई म्हणते. आणि ती आली होती कशासाठी, तर सर्दीसाठी.

मी ईश्वरीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली होती. आतून ती लालबुंद दिसायला हवी. हिची पांढरीफटक होती. तळहातही तसेच.

"पोपटराव, वासरू मलूल झालं की तुम्ही पहिलं काय बघता?"

"पापणी उलटून बघतो, मॅडम. जंत झालं आसलं तर रगत कमी व्हतं, डोळ्यात लगेच कळतं."

"मग हिची बघा."

पोपटराव उठले. मोठा धिप्पाड माणूस, आवाज तर असा की खालच्या रस्त्यावर ऐकू जावा. त्यांनी नातीची पापणी अंगठ्यानं अलगद खाली ओढली आणि बघत राहिले. मग काही न बोलता खुर्चीत बसले. त्यांचा आवाज गेलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

तेव्हाचं वारजे म्हणजे एका बाजूला नव्या सोसायट्या, दुसऱ्या बाजूला शेतं, आणि मध्ये पोपटरावांचा गोठा. सॉफ्टवेअरवाली जोडपी फ्लॅट घेत होती. त्यांचे आई-वडील पेठांतून नातवंडं सांभाळायला येत होते. या आई-वडिलांना पिशवीतलं दूध चालायचं नाही. त्यांना रतीब पोपटरावांचाच हवा. आणि घरात तान्हं मूल असलं, तर 'एकाच गायीचं दूध' हवं. बाळाला रोज वेगवेगळ्या गायींचं दूध बाधतं, अशी जुनी समजूत. त्यासाठी पोपटराव वेगळ्या छोट्या किटल्या ठेवत. झाकणावर रंगानं खूण, खूण बघून घर. बाळाचं दूध घ्यावं तर पोपटरावांकडूनच, असं त्यांचं नाव होतं.

ईश्वरीच्या जन्मानंतर सुनीताला फार रक्तस्राव झाला होता. ती कशीबशी वाचली. तिला रक्त मिळावं म्हणून पोपटराव शहरभर फिरले होते. त्या दुखण्यात तिला दूध आलंच नाही. हॉस्पिटलनं डब्याचं दूध सुरू करून दिलं. आम्ही त्याला फॉर्म्युला म्हणतो. घरोघरी सगळ्यालाच 'वरचं दूध' म्हणतात, आणि गोंधळ तिथंच होतो. डबा, गाय, म्हैस, पिशवी, सगळं 'वरचं'. मग एक वरचं सोडून दुसरं वरचं दिलं तर कुणाला काही वाटत नाही.

"डबा कधी बंद केला?" मी विचारलं.

"चौथ्या महिन्यात," सुनीता म्हणाली. "आबा म्हणाले, घरात गाई असताना विकतचं कशाला."

"आन् मग काय करू?" पोपटरावांचा आवाज परत आला. "गवळ्याच्या घरात डबा? लोकं हसत व्हती. तांबडीचं दूध दिलं, निस्तं तांबडीचं. पयलं पचंना, तर निम्मं पानी घालून दिलं. मॅडम, जन्मात कधी दुधात पानी घातलं न्हाई. नातीसाठी घातलं. हात धजत नव्हता."

मला हसू आलं होतं, पण ती वेळ नव्हती. मी रक्त तपासायला पाठवलं.

संध्याकाळी रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन म्हणजे रक्तातला लाल भाग, अंगभर प्राणवायू पोचवणारा. या वयात ते अकराच्या आसपास तरी हवं. ईश्वरीचं सहाच्या थोडंच वर होतं. मूल हळूहळू पांढरं पडलं की शरीर सांभाळून घेत जातं, म्हणून ते हसतं-खेळतं दिसतं. आणखी खाली गेलं तर मात्र हृदयावर ताण येतो.

मी त्यांना परत बोलावून स्पष्ट सांगितलं. गायीच्या दुधात लोह अगदी कमी. जे थोडं पोटात जातं, तेही हे दूध नीट शोषू देत नाही. शिवाय लहान बाळाच्या आतड्यातून त्यानं थोडं थोडं रक्त झिरपू शकतं, डोळ्याला दिसणार नाही इतकं. वर पोट दुधानं भरलेलं, म्हणून मूल वरण-भात, नाचणी काही खात नाही. वर्षाच्या आत गायीचं दूध मुख्य अन्न म्हणून द्यायचं नाही. एवढीच गोष्ट आहे.

"म्हंजे माझ्या दुधात खोट हाय?"

"दूध उत्तम आहे. वासरासाठी."

"मॅडम..."

"तुमचं वासरू जन्मल्यावर तासा-दोन तासांत उभं राहतं. ही अजून धरून बसवावी लागते. ते दूध त्या घाईतल्या पिल्लासाठी आहे, हिच्यासाठी नाही. हिची किडनी लहान आहे, आतडं लहान आहे."

"आमी पाच भावंडं गायीच्याच दुधावर वाढलो."

"वाढली पाच. झाली होती किती?"

पोपटरावांनी बोटं मोजली. मग म्हणाले, "आठ."

मी विचारून गेले आणि मलाच वाईट वाटलं. माझ्या जिभेला हाड नाही, असं माझी आई नारायण पेठेत बसून उगाच म्हणायची नाही. पण शब्द गेला तो गेला. मी औषध लिहायला घेतलं. लोहाचे थेंब. पुन्हा डबा. मऊ शिजवलेली डाळ, नाचणी, पालेभाजी, अंड्याचा बलक. तीन आठवड्यांनी परत तपासणी.

"नाही वाढलं तर?" सुनीतानं विचारलं.

"तर ॲडमिट करून रक्त द्यावं लागेल."

रक्त म्हटल्यावर सासरा-सुनेनं एकमेकांकडे पाहिलं. त्यांनी ते एकदा भोगलं होतं. पोपटरावांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि उठले.

मी डब्याची वकील नव्हे. आईचं दूध असेल तर डब्याकडे बघूसुद्धा नका, हे मी रोज घसा फोडून सांगते. पण आईचं दूध नसेल, तर वर्ष होईपर्यंत डबा. त्यातलं लोह, क्षार, प्रथिनं बाळाला झेपतील अशी केलेली असतात. अट एकच, माप नीट. पुरवठ्याला यावा म्हणून लोक चमचा अर्धवट भरतात आणि पाणी मात्र पूर्ण घालतात. बाळ उपाशी राहतं. पोपटरावांना हे सांगावं लागलं नाही. "मापात पाप न्हाई व्हनार," म्हणाले, आणि सुनीता सांगते, की चमचा सुरीच्या पाठीनं सपाट करून स्वतः भरायचे.

माझ्या क्लिनिकच्या खाली मेडिकलचं दुकान. लाजरा माणूस असता तर त्यानं लांब खडकीला जाऊन डबा आणला असता. पोपटरावांनी तो तिथूनच घेतला, भर वर्दळीत. आणि पिशवीत न घालता दुधाच्या कॅनशेजारी मोटारसायकलला अडकवून सोसायटी-सोसायटीतून नेला.

"काय पोपटराव, गाई आटल्या का?" कुणीतरी टोमणा मारलाच.

"गाई भरल्यात. माजी अक्कल आटली व्हती, ती आली," ते म्हणाले. मी खिडकीतून ऐकलं. मला तो माणूस तेव्हाच आवडला.

दोन दिवसांनी फोन. "मॅडम, पोरगी काळी शी करती."

"लोहानं होते. सांगितलं होतं."

"सांगितलं व्हतं खरं. तरी फोन केला."

तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला आणि आकडा आठाच्या वर गेला होता. मी सुनीताला पापणी ओढून दाखवली. गुलाबी छटा आली होती. सुनीता रडायला लागली. पोपटराव मात्र खुश दिसेनात. ते टेबलावरच्या काचेकडे बघत होते.

"मॅडम, एक इचारू? बाकीच्या पोरांचं काय?"

"कुठली पोरं?"

"ज्यांच्या घरी मी किटली घालतो. खुणेची."

मी हा विचार केलाच नव्हता. मला माझ्या टेबलावरचं मूल दिसत होतं. त्यांना सगळ्या किटल्या दिसत होत्या. मी म्हटलं, त्यांना सांगा, आपापल्या डॉक्टरांना दाखवा. एवढं बोलून माझ्या मते विषय संपला.

पुढच्याच आठवड्यात लिमये आजोबा क्लिनिकमध्ये आले. बँकेतून रिटायर झालेले, इस्त्रीचा शर्ट, पेशंट सोबत नाही. आले ते भांडायलाच.

"डॉक्टर, आपल्याविरुद्ध तक्रार आहे. आपला गवळी मला दूध देत नाही."

"माझा गवळी?"

"तो आपलं नाव सांगतो. मी त्याला म्हटलं, नातवाचा डबा आता बंद करतोय, एका गायीचं दूध सुरू कर. तर मला विचारतो, बाळ किती महिन्यांचं. मी म्हटलं, नऊ. म्हणाला, तीन महिन्यांनी या. दूध आहे की रेल्वेचं रिझर्वेशन?"

मी समजावलं. ऐकतील तर ते लिमये कसले.

"माझा मुलगा गायीच्याच दुधावर वाढला. आज सॉफ्टवेअरमध्ये आहे."

"त्याचं श्रेय गायीला द्यायचं की त्याच्या आईला, ते घरी ठरवा. पण नातवाला एकदा दाखवून जा."

"मी दुसरा गवळी पाहीन."

"अवश्य पाहा. तो कदाचित विचारणार नाही."

ते गेले. चार दिवसांनी नातवाला घेऊन आले. त्याचं हिमोग्लोबिन जेमतेम होतं. डबा चालू राहिला. आपलं चुकलं असं आजोबा काही म्हणाले नाहीत, आणि ती अपेक्षा मी ठेवलीही नव्हती. पण घरच्या चहाचं दूध मात्र त्यांनी पोपटरावांकडून बंद केलं नाही.

सगळेच असे निघाले नाहीत. काही घरांनी रतीब तोडले. गवळ्यानं आम्हाला शिकवायचं का, असं तोंडावर सुनावलं. पोपटरावांचा मुलगा, म्हणजे ईश्वरीचा बाप, आयटी कंपनीच्या बसवर ड्रायव्हर. तो वडिलांना म्हणाला, आबा, असंच चाललं तर गोठा विकून तुम्हीही बसवर या. हे सगळं मला सुनीताकडून कळत होतं. पोपटराव स्वतः चकार शब्द बोलले नाहीत. एकदा भेटले तेव्हा मीच म्हटलं, "पोपटराव, नुकसान होतंय ना? दूध नाकारू नका. सांगा फक्त, घेणारे घेतील."

"सांगून झालं, मॅडम. ऐकत न्हाईत. मला म्हाईत नव्हतं तवा घातलं, ते देव बघून घील. आता म्हाईत हाय. आता किटली माज्या हातानं कशी ठेवू?"

मी इतकी वर्षं लोकांना आरोग्याचं शिकवते आहे. पटलं म्हणणारे पुष्कळ भेटतात. पटल्यावर स्वतःच्या पोटाला चिमटा घेणारा हा एक. मी त्यांच्यापुढे मनातल्या मनात हात जोडले. उघड जोडले असते तर ते संकोचानं परत आलेच नसते.

ईश्वरीचा पहिला वाढदिवस झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी तिघं आली. पापणी लाल. रक्ताचा आकडा हवा तसा. रंग आजोबांसारखा छान सावळा. "आता कुणी गोरी म्हणत नाही," सुनीता म्हणाली, आणि हसली.

"आता?" पोपटरावांनी विचारलं.

"आता द्या. डबा बंद. उकळून, गार करून, पेल्यानं. बाटली नको. दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर नको, नाहीतर जेवण सोडेल आणि पुन्हा पांढरी पडेल. आधी जेवण, मग दूध."

पोपटरावांनी लगेच पिशवीतून स्टीलचा छोटा डबा काढला. आतमध्ये तांबडीचं दूध, उकळून कोमट केलेलं. सोबत चांदीची वाटी. माझ्यासमोरच पहिला घोट द्यायचा, असं ठरवून आले होते. गडी नवीन सदरा घालून आला होता. एवढे महिने त्यांनी अडवून धरलेली ती गोष्ट होती.

ईश्वरीनं वाटीला तोंड लावलं. एक घोट घेतला. विचार केला. आणि तोंड वेडंवाकडं करून सगळं दूध आजोबांच्या नव्या सदऱ्यावर फुर्रकन उडवलं.

पोपटराव सदऱ्याकडे बघतात, वाटीकडे बघतात, माझ्याकडे बघतात. ज्याच्या दुधाला वारज्यात कुणी कधी नावं ठेवली नव्हती, त्याला घरातूनच पहिली तक्रार आली होती.

"मॅडम," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "थोडं पानी घालू का?"

तेव्हापासून आई-बापांना मी तीन गोष्टी सांगते. गायीचं दूध वर्षानंतर. पाणी घालायचं नाही. आणि मूल पहिल्या दिवशी थुंकलं तर मनाला लावून घ्यायचं नाही, दुसऱ्या दिवशी पितं. ईश्वरी तिसऱ्या दिवशी प्यायली.