बॅगेत मावेल एवढा कॉम्प्युटर

माझ्या वडिलांनी माझ्याकडे आजवर फारसं काही मागितलेलं नाही. म्हणून गेल्या वर्षी एका सकाळी इडली खाता खाता ते म्हणाले, "अरे, तुझा एक शनिवार देशील काय मला? कॉम्प्युटर जुळवायचा आहे," तेव्हा मला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं.

"कॉम्प्युटर? कशाला?"

"गेम खेळायला," ते म्हणाले. "पेन्शनमधून बाजूला ठेवलेत पैसे. तू फक्त सोबत ये. इथल्या दुकानदारांशी मला बोलता येत नाही."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी चटणीकडे पाहिलं.

बाबा जन्मभर अकोल्याच्या एका शाळेत भूगोल शिकवत होते. आई गेल्यावर त्यांनी तिथलं भाड्याचं घर सोडलं आणि आम्ही दोघा भावांनी ठरवलं की त्यांनी सहा महिने नागपूरला थोरल्याकडे राहायचं आणि सहा महिने चेन्नईला माझ्याकडे. ठरवलं आम्ही, फोनवर. बाबांना नंतर सांगितलं. ते "बरं" म्हणाले.

नागपूरला भावाच्या घरी एक जुना कॉम्प्युटर पडून होता. त्यावर बाबांना ट्रक चालवायच्या गेमचा नाद लागला. घाटातून, पावसातून, परदेशातल्या लांबच लांब रस्त्यांवरून माल न्यायचा. कानाला हेडफोन लावून त्यांच्याच वयाची आणखी काही माणसं कुठून कुठून त्यात यायची. कोणी सोलापूरचे रिटायर पोस्टमास्तर, कोणी कोल्हापूरच्या एक डॉक्टरीणबाई. सगळ्यांचे ट्रक एकामागून एक चालायचे आणि गप्पा व्हायच्या. माझ्याकडे आले की हे सगळं बंद. माझा लॅपटॉप ऑफिसचा, त्याला हात लावायचा नाही असं मीच पहिल्या दिवशी बजावलं होतं. ऑफिसात कोणी "वडील दिवसभर काय करतात?" असं विचारलं तर मी "वाचन" म्हणायचो. सत्तरीला आलेला माणूस गेम खेळतो हे सांगायची मला लाज वाटायची.

शनिवारी निघताना बाबांच्या हातात पुठ्ठ्याचा एक खोका होता. कुठलासा कार्टन कापून, चिकटपट्टी लावून त्यांनी स्वतः बनवलेला. बुटांच्या दोन खोक्यांएवढा.

"हे काय?"

"माप आहे. माझ्या बॅगेत कपडे ठेवून पाहिलं, एवढीच जागा उरते. याच्याहून मोठा नको."

"हातात खोका घेऊन जाणार तुम्ही? आकडे लिहून घ्या ना."

"आकड्यात चूक होते. खोक्यात होत नाही."

अंबत्तूरहून लोकलने सेंट्रलपर्यंत आलो आणि तिथून रिक्षाने रिची स्ट्रीटच्या कॉम्प्युटर बाजारात. पूर्ण प्रवासात बाबा तो खोका मांडीवर धरून बसले होते. समोरच्या बाकावरच्या एका बाईंनी तमिळमध्ये त्यात काय आहे असं विचारलं, तर यांनी तो उलटा करून रिकामा असल्याचं दाखवलं. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

दुकान वरच्या मजल्यावर होतं. काउंटरवरचा तिशीतला विक्रेता शांत स्वभावाचा होता. बाबांनी खोका काचेवर ठेवला आणि आपल्या शाळामास्तरी इंग्रजीत त्याला काय हवंय ते सांगितलं. तो हसला नाही. त्याने टेप आणून खोका मोजला आणि आतल्या खोलीतून त्यात बसतील अशी दोन छोटी कॅबिनेट, म्हणजे कॉम्प्युटरच्या रिकाम्या पेट्या, घेऊन आला. एकाला काचेची बाजू होती आणि आत रंगीत दिवे. दुसरं साधं, काळं, वरती उचलायला मूठ असलेलं.

"दिव्याचं नको," बाबा म्हणाले.

"सर, दिवे बंद करता येतात."

"एखाद वेळी विसरेन. मी हॉलमध्ये झोपतो. येता-जाता कोणाच्या डोळ्यावर यायला नको."

मग मदरबोर्ड. त्या छोट्या कॅबिनेटला अगदी लहान बोर्ड लागतो आणि तो मोठ्यापेक्षा महाग पडतो. मी म्हटलं, "बाबा, मोठं कॅबिनेट घ्या. स्वस्तात जास्त चांगलं मिळेल." त्यांनी मान हलवली. ग्राफिक्स कार्ड दोन पंख्यांचं, आखूड घेतलं. तीन पंख्यांचं आत गेलंच नसतं. पॉवर सप्लायही लहान. प्रत्येक वस्तू आवाज किती करते, हे ते विचारत होते.

"सूनबाईंचे दिवसभर ऑफिसचे कॉल असतात," त्यांनी त्या माणसाला समजावलं. "पंख्याची घरघर ऐकू गेली तर तिला त्रास."

मधेच विक्रेत्याने उत्साहाने एक स्टीअरिंग व्हील आणून ठेवलं. ट्रकच्या गेमला मजा येते म्हणाला. बाबांनी ते दोन्ही हातांत धरलं, डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं. गाडी कधी घेतली नाही त्यांनी आयुष्यात. मग ते हळूच बाजूला सारलं. "बॅगेत नाही मावत."

"पण सर," विक्रेता म्हणाला, "घरीच तर ठेवायचा आहे ना कॉम्प्युटर? मग एवढा लहान कशाला? लहान म्हणजे जास्त गरम, जास्त महाग."

बाबा सहज बोलून गेले, "कॉम्प्युटर घरीच राहील हो. मी राहत नाही. सहा महिने या मुलाकडे, सहा महिने त्या मुलाकडे. तिकडेही हॉल, इकडेही हॉल. टेबल माझं कुठेच नाही, म्हणून स्क्रीनसुद्धा कपड्यांच्या घडीत बसेल असा पातळ द्या."

दुकानातली चार-पाच गिऱ्हाइकं आमच्याकडे पाहायला लागली. एकाने तर मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. माझे कान तापले. मी मराठीत, दात आवळून म्हणालो, "बाबा, पुरे! घरातलं सगळं इथे चव्हाट्यावर मांडायलाच हवं का? लोकांना वाटेल आम्ही तुम्हाला इकडून तिकडे टोलवतो. तुम्हाला काही कळतं की नाही?"

बाबा खोक्याच्या सुटलेल्या चिकटपट्टीवर बोट दाबत म्हणाले, "तसं कुठं म्हणालो मी? बॅगेत मावलं पाहिजे, एवढंच सांगत होतो."

बिलाच्या टेबलाशी एक पन्नाशीच्या बाई बसल्या होत्या. दुकान त्यांचंच होतं. त्या उठून आल्या, एक खुर्ची ओढली आणि बाबांना म्हणाल्या, "बसा हो तुमी. उभे कां राहिलांत?" आणि मग माझ्याकडे वळून, "आमी बी मराठीच. तंजावूरचे. तुमी म्हटलें तें अस्की समजलें मला."

'अस्की' म्हणजे सगळं, हे मला विचारावं लागलं नाही.

जमीन दुभंगावी असं वाटलं. आतापर्यंत चेन्नईत मी मराठीत मनाला येईल ते बोलत आलो होतो, लिफ्टमध्ये, हॉटेलात, लोकांच्या तोंडावर. कोणाला कळतंय, हा माझा ठाम समज. बाबांना मात्र आनंद झाला. ते खुर्चीत बसले आणि बाईंशी बोलायलाच लागले. त्यांच्या घरात किती पिढ्यांपासून मराठी आहे, मुलं बोलतात का, 'उभे राहिलांत' असं आपल्या आजीच्या तोंडी ऐकल्यासारखं वाटतं, असं काय काय. बाईंनी फिल्टर कॉफी मागवली. मी तिथून निघण्याची घाई करत होतो. प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर तेवढा निवडायचा राहिला होता. विक्रेत्याने बसका, चपटा कूलर पुढे केला. मी उंच, मोठा उचलला.

"सर, कॅबिनेटमध्ये उंची बघावी लागेल."

"बसेल. मी इंजिनियर आहे," मी म्हणालो.

"अरे, एकदा माप..." बाबा म्हणाले.

"बसतो, बाबा. चला आता."

बाई म्हणाल्या, "घाई नक्को." मी पैसे भरायला बाबांना पुढे केलं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी हॉलमध्ये जुनी चादर अंथरली आणि कॉम्प्युटर स्वतःच्या हाताने जुळवला. व्हिडिओ बघून बघून त्यांना सगळं पाठ होतं. प्रोसेसर बसवताना त्यांनी श्वास रोखला होता. बायको कौतुकाने टॉर्च धरून बसली. मी सोफ्यावरून बघत होतो. सगळं बसलं आणि शेवटी झाकण लागेना. कूलर बोटभर उंच होता.

बाबांनी झाकण दोनदा लावून पाहिलं. मग ते खाली ठेवून म्हणाले, "राहू दे. झाकणाशिवाय चालेल. कापड टाकीन वरून."

ते मला काही म्हणाले असते तर बरं झालं असतं. बायकोच म्हणाली, "कूलर कोणी निवडला?" बाबा पटकन म्हणाले, "मीच गं."

त्या एका शब्दाने मला जे झालं ते दुकानातल्या चारचौघांच्या नजरांनी झालं नव्हतं. तिथे मला लोकांची लाज वाटली होती. इथे लोक नव्हतेच. "नाही, मी निवडला," मी म्हणालो, पण आवाज असा निघाला की बायकोने दोघांकडेही पाहिलं आणि टॉर्च बंद केला.

सोमवारी ऑफिसातून लवकर निघून मी एकटा दुकानात गेलो. बाई होत्याच. मला पाहून त्यांनी माझ्या मागे नजर टाकली. "वडील आले नाहींत?"

"नाही. कूलर बदलायचा आहे. माझी चूक."

त्यांनी विक्रेत्याला चपटा कूलर आणायला सांगितला. तो येईपर्यंत मी तिथेच उभा. शेवटी म्हणालो, "परवा मी त्यांना जे बोललो, ते चांगलं नाही केलं."

बाईंनी बिल फाडलं, माझ्या हातात दिलं. "मला कशाला सांगतां?" त्या म्हणाल्या. रागाने नाही. खरंच कळत नसल्यासारखं.

परत येताना गाडीत मी वाक्यं जुळवत होतो. घरी पोचलो तर बाबा भेंडी चिरत होते. मी कूलर टेबलावर ठेवला आणि जुळवलेलं सगळं विसरून म्हणालो, "बाबा, तुम्ही इथेच राहा. कायमचे. ती आतली खोली आहे ना, ती रिकामी करतो. टेबल घेऊ. पाहिजे तर मोठं कॅबिनेट आणू, ते स्टीअरिंगही आणू."

बाबांनी सुरी खाली ठेवली. "तिथे सूनबाई काम करते. ती कुठं जाईल?"

"ती बघेल. आम्ही बघू."

"तिला विचारलंस?"

नव्हतं विचारलं. पुन्हा मी एकट्यानेच ठरवत होतो, कोणी कुठे राहायचं ते.

"हे बघ," ते म्हणाले, "जाण्या-येण्याचं मला काही नाही. नागपूरलाही माझी माणसं आहेत. त्या दिवशी दुकानात मी रडगाणं गात नव्हतो रे. त्याने विचारलं, मी सांगितलं. तुला का एवढं लागलं?"

"खरं होतं म्हणून," मी म्हणालो.

बाबा म्हणाले, "मला खोली नको. कोणाला न विचारता बसता येईल, एवढी जागा असली की झालं. तुझ्या घरात पाणी प्यायलासुद्धा मी आधी बघतो, कोणाचा कॉल चालू आहे का."

हे त्यांनी भेंडीची देठं गोळा करता करता सांगितलं.

त्या संध्याकाळी बायको आणि मी हॉलमधलं शोभेचं कपाट बाल्कनीत हलवलं आणि खिडकीपाशी एक टेबल लावलं. बायको म्हणाली, "हे आधीच करता आलं असतं." तिने 'आपल्याला' म्हटलं नाही, 'तुला'ही म्हटलं नाही. चपटा कूलर बसला, झाकण लागलं. बाबांच्या हेडफोनमधून कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाईंचा आवाज बारीक ऐकू आला, "मास्तर, होतात कुठे इतके दिवस?" बाबा म्हणाले, "चेन्नईत. गाडी गॅरेजला होती." आणि ते हसले. माझ्या घरात ते मोठ्याने हसलेले मी पहिल्यांदा ऐकत होतो.

उन्हाळा संपता संपता ते नागपूरला गेले. "राहा" असं मी पुन्हा म्हणालो, बायकोही म्हणाली. "येईन की परत," ते म्हणाले. स्टेशनवर मी बॅग उचलायला गेलो तर त्यांनी ती दिली नाही.

दोन दिवसांनी भावाचा फोन आला. "अरे, काय भारी डबा आहे हा! कोणी निवडले रे पार्ट? बाबा म्हणतात, सगळं तूच बघितलंस. शनिवार मोडून दुकानं पालथी घातलीस म्हणे. मला तर लाजच वाटली, मी त्यांच्यासाठी असं कधी काही केलं नाही."

मागे बाबांचा आवाज येत होता, कोणाला तरी वळणावर गाडी हळू घ्यायला सांगत होते.

मी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं.

"हो," मी म्हणालो. "बघितलं जरा."